गीतेतील 'अकुशल' शब्दाचा अर्थ

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात, त्यागाचे निरूपण चालू असता, दहाव्या श्लोकात 'अकुशल' हा शब्द आला आहे. सत्त्वाने युक्त, बुद्धिमान आणि ज्याचे संशय तुटले आहेत असा त्यागी अकुशल कर्माचा द्वेष करीत नाही आणि कुशल कर्मात गुंतून राहत नाही, असा त्या श्लोकाचा सरळ आशय आहे. शब्द ओळखीचा असल्यामुळे वाचणारा तेथे थांबत नाही. आणि थांबत नाही म्हणूनच अर्थाचा घोटाळा होतो. आजच्या मराठीत 'अकुशल' म्हणजे ज्याच्या अंगी कसब नाही तो, किंवा ज्याला कसब लागत नाही असे काम. हाच अर्थ श्लोकात घातला, तर श्रीकृष्ण भगवंतांनी त्याग्याला बेंगरूळ कामाचा द्वेष करू नकोस असे सांगितले, असे होऊन बसते.

हा नुसता शब्दांचा वाद नाही. या अर्थाचा आश्रय घेऊन पाठात चुका करणारा साधक आपल्या चुका झाकू शकतो. पोथीची नक्कल करताना ओळ गाळणारा 'कर्म अकुशल असले तरी द्वेष करू नये' असे उत्तर देऊ शकतो. त्याहून वाईट परिणाम दुसऱ्याच ठिकाणी होतो. फलटण, माण, खटाव, तासगाव, जत या भागांतील कित्येक वासनिक घरांतील माणसांनी दुष्काळी कामांवर आयुष्याची वर्षेच्या वर्षे घालविली. तेथे त्यांच्या कामाचे नाव 'अकुशल' असे होते. हा शब्द पारायणात कानी पडला की तो आपल्यालाच उद्देशून आहे, भगवंतांनी आपल्याला कमी प्रतीचे ठरवून वर दया दाखविली आहे, असा समज होणे अगदी स्वाभाविक आहे. तो समज शास्त्राला धरून नाही. म्हणून शब्दाचा अर्थ मुळापासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम पाठाविषयी. मूळ श्लोकात 'द्वेष्टि' आणि 'अकुशलम्' ही दोन पदे संधीने जोडली जाऊन 'द्वेष्ट्यकुशलम्' असे रूप झाले आहे. पाठ सांगताना श्वास घेण्यासाठी 'द्वेष्ट्य' या ठिकाणी थांबण्याची सवय पुष्कळांना असते. तसे केले की 'अकुशल' मधील अकार मागच्या पदात जातो आणि ऐकणाऱ्याच्या पदरी 'कुशलम्' एवढेच पडते. म्हणजे अर्थ नेमका उलटा. दुसऱ्या चरणातही 'न' आणि 'अनुषज्जते' मिळून 'नानुषज्जते' झाले आहे. तेथे 'न' सुटला तर त्यागी कुशल कर्मात आसक्त होतो असे म्हटल्यासारखे होईल. नवीन उपदेश्याला पाठ देताना ही दोन पदे आधी सुटी करून म्हणवून घ्यावीत, मग संधी करून.

आता शब्दाकडे वळावे. 'कुशल' शब्दाची व्युत्पत्ती जुने पंडित कुश म्हणजे दर्भ या शब्दावरून सांगतात. दर्भाची पाती धारदार असते. ती हात न कापता उपटून आणतो तो कुशल. मम्मटाचार्यांनी काव्यप्रकाशात रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून हाच शब्द घेतला: दर्भ आणणारा हा मूळ अर्थ बाजूला राहून निपुण हा अर्थ रूढीने आला. पुढे साहित्यदर्पणकार विश्वनाथांनी त्यावर आक्षेप घेतला. शब्द कोठून निघाला ही एक गोष्ट आणि तो लोकांत कोणत्या अर्थाने चालतो ही दुसरी. निघाला तो अर्थ मुख्य आणि चालतो तो गौण असे मानले, तर 'गाय निजली आहे' या वाक्यातसुद्धा लक्षणा मानावी लागेल, कारण 'गो' शब्द जाणे या अर्थाच्या धातूपासून निघाला आहे आणि निजलेली गाय तर चालत नाही! आक्षेप मार्मिक आहे, आणि गीतेचा अर्थ करणाऱ्यानेही तो गाठीशी ठेवावा. व्युत्पत्ती ही शब्दाची जन्मकथा आहे. वाक्यातला अर्थ प्रकरणावरून ठरतो.

लोकांत मात्र 'कुशल' शब्द दोन अर्थांनी चालत आला आहे. एक निपुण, दुसरा क्षेम, हित, बरे असणे. हा दुसरा अर्थ मराठीने जुन्या काळापासून जपला आहे. पत्राच्या आरंभी क्षेमकुशल विचारतात. प्रवासाहून आलेला 'सकुशल पोहोचलो' असे कळवितो. खटावच्या शेतकऱ्याने मुंबईच्या मुलाला 'घरी सर्व कुशल आहे' असे लिहिले, तर घरातील सर्व माणसे कारागीर आहेत असा त्याचा अर्थ कोणी करीत नाही. मग 'अकुशल' म्हणजे जे क्षेमाचे नाही, बरे वाटत नाही, सुखाचे नाही ते, हा अर्थ मराठी माणसाला परका का वाटावा? तो परका वाटतो याचे कारण असे की 'कुशल' चे दोन्ही अर्थ मराठीत जिवंत राहिले, आणि 'अकुशल' चा मात्र एकच राहिला.

बौद्धांच्या पाली ग्रंथांत 'अकुसल' हा शब्द याच दुसऱ्या अर्थाच्या बाजूने फार पुढे गेला. लोभ, द्वेष आणि मोह ही तेथे अकुशलाची तीन मुळे. प्राणघात, चोरी, असत्य इत्यादी दहा अकुशल कर्मपथ. तेथे अकुशल म्हणजे सरळ पाप. परंतु हा अर्थ जसाच्या तसा गीतेच्या या श्लोकात आणता येत नाही. त्यागी पापकर्माचा द्वेष करीत नाही असे म्हटले, तर शास्त्राच्या विधिनिषेधालाच जागा उरणार नाही. ज्या मार्गात हिंसेचा निषेध सर्वांआधी सांगितला जातो, त्या मार्गाच्या वाचकाला तर हा अर्थ क्षणभरही मानवणार नाही.

गीतेच्या प्राचीन भाष्यकारांनी येथे वेगवेगळे अर्थ केले आहेत. शंकराचार्यांच्या मते अकुशल म्हणजे अशोभन, अर्थात काम्य कर्म, जे पुन्हा शरीर देऊन संसाराला कारण होते; आणि कुशल म्हणजे नित्य कर्म. रामानुजाचार्य फळाकडे पाहतात: ज्याचे फळ अनिष्ट ते अकुशल, ज्याचे फळ स्वर्ग, पुत्र, पशू, अन्न असे इष्ट ते कुशल. श्रीधरस्वामींचा अर्थ सर्वांत साधा आहे. अकुशल म्हणजे दुःख देणारे, जसे थंडीच्या दिवसांत पहाटेचे स्नान. कुशल म्हणजे सुख देणारे, जसे उन्हाळ्यात दुपारचे स्नान. स्नान तेच, पाणी तेच; ऋतू पालटला की जे जिवावर येत होते ते हवेसे वाटते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, या तिघांपैकी एकानेही अकुशल शब्दाचा अर्थ 'कसबहीन' असा केलेला नाही.

या तीन अर्थांत ग्राह्य कोणता? परमार्गात सूत्राचा अर्थ लावताना ते वचन कोणत्या प्रसंगी, कोणाला, कशाच्या उत्तरादाखल निरोपिले हे आधी पाहतात. 'प्रकरणवश' नावाचा ग्रंथ याच गरजेतून झाला. तीच रीत येथे लावावी. अठराव्या अध्यायातील सातव्या श्लोकापासून नियत कर्माच्या त्यागाचा विचार सुरू होतो. मोहाने नियत कर्म टाकणे हा तामस त्याग. आठव्या श्लोकात राजस त्याग सांगितला आहे: कर्म दुःखरूप आहे म्हणून, देहाला कष्ट होतील या भयाने, जो ते टाकतो त्याला त्यागाचे फळ मिळत नाही. नवव्यात सात्त्विक त्याग: करणे आवश्यक आहे एवढ्याच बुद्धीने नियत कर्म करावे, आसक्ती आणि फळ मात्र टाकावे. आणि लगेच दहाव्यात, असा सात्त्विक त्यागी कसा असतो त्याचे लक्षण. आठव्यातील 'दुःख' आणि 'कायक्लेश' हे शब्द दहाव्यातील 'अकुशल' शब्दासमोर ठेवले की कुलूप उघडते. राजस त्यागी ज्या कारणाने कर्म टाकतो, त्याच कारणाचा सात्त्विक त्याग्यावर परिणाम होत नाही. म्हणून येथे अकुशल म्हणजे करावयाचेच असलेले, परंतु देहाला कष्टाचे आणि मनाला न रुचणारे कर्म. श्रीधरस्वामींचा अर्थ प्रकरणाशी बसतो. शंकराचार्यांचा काम्य कर्म हा अर्थ आरंभीच्या श्लोकांतील चर्चेकडे पाहून केलेला दिसतो. पण सातव्या श्लोकानंतर प्रकरण नियत कर्माचे आहे, काम्याचे नव्हे.

साधकाच्या आचारात याची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. अटन, विजन, भिक्षा यांपैकी कोणताही विधी ऋतू पाहून सांगितलेला नाही. आषाढाच्या झडीत अनोळखी गावात भिक्षेला निघणे, माणच्या उघड्या माळावर वैशाखात चालणे, ज्या दारातून काल नकार आला त्याच गल्लीत आज पुन्हा जाणे, हे सर्व अकुशल आहे. येथे भिक्षा मागण्याचे कसब कोणी विचारीत नाही. प्रश्न एवढाच, की पाय उचलताना मन मागे ओढते की नाही.

येथे अशी शंका घेतली जाईल: दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी योगालाच कर्मांतील कौशल म्हटले आहे, तेव्हा कुशलता म्हणजे निपुणता हा अर्थ गीतेला मान्य आहे, मग अकुशल म्हणजे अनिपुण का नव्हे? याचे उत्तर असे. तेथेही हाताचे कसब विवक्षित नाही. त्याच श्लोकाच्या पूर्वार्धात, समबुद्धीने युक्त झालेला पुरुष सुकृत आणि दुष्कृत या दोहोंनाही मागे टाकतो असे म्हटले आहे. बांधणारे कर्म करून न बांधले जाणे, हे तेथील कौशल. सुताराचा रंधा किंवा व्यापाऱ्याचा हिशेब त्याने सांगितला जात नाही. व्यवहारात चलाखी करून वर हे वचन तोंडावर फेकणारे लोक पुष्कळ आढळतात. त्यांना ते वचन लागू नाही.

आणि कामातील निपुणतेसाठी गीतेजवळ शब्द नव्हता असेही नाही. बाराव्या अध्यायाच्या सोळाव्या श्लोकात प्रिय भक्ताची लक्षणे सांगताना 'दक्ष' असा शब्द योजिला आहे; अठराव्याच्या त्रेचाळिसाव्यात 'दाक्ष्य' आहे. उलट बाजूला अठ्ठाविसाव्या श्लोकात तामस कर्ता वर्णिला आहे: चित्त ठिकाणावर नसलेला, संस्कार नसलेला, ताठर, कपटी, आळशी, आजचे काम उद्यावर ढकलणारा. ही सर्व विशेषणे कर्त्याची आहेत. 'अकुशल' हे विशेषण कर्माचे आहे. भगवंतांना अनिपुण माणसाविषयी बोलावयाचे असते तर 'अदक्ष' म्हणता आले असते. तसे ते बोलले नाहीत. सारांश, पाठात हयगय करणाऱ्याला या श्लोकाचा आधार मिळत नाही. त्याने अठ्ठाविसावा श्लोक वाचावा.

प्रामाणिकपणे झटूनही ज्याचे कर्म उणे पडते त्याच्याविषयी मात्र गीता वेगळे बोलते. अठराव्याच्या सत्तेचाळिसाव्या श्लोकात 'विगुण' असा शब्द आहे. स्वतःचा धर्म गुणांनी उणा पडला तरी तो, दुसऱ्याचा धर्म उत्तम रीतीने आचरण्यापेक्षा, श्रेयस्कर. कसबाच्या उणेपणाला जवळचा शब्द हवा असेल तर तो हा आहे. जीभ जड असल्याने ज्या वृद्ध तपस्विनीला पाठ नीट म्हणता येत नाही, तिचे स्मरण 'विगुण' म्हणता येईल. 'अकुशल' नव्हे, आणि तामस तर मुळीच नव्हे. हे तीन शब्द एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

आता आजच्या व्यवहारातील अर्थ कोठून आला ते पाहू. कारखानदारी वाढली तशी मजुरांची कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशी प्रतवारी रूढ झाली आणि मजुरीचे दर तिच्यावर ठरू लागले. खेड्यापाड्यांतून हा शब्द घरोघर पोहोचला तो मात्र रोजगार हमीमुळे, आणि त्या योजनेचा आरंभ सांगली जिल्ह्यातलाच आहे. महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातील विसापूरचे. त्यांच्या कल्पनेप्रमाणे १९६५ साली तासगाव भागात हा प्रयोग प्रथम झाला. १९७२ साली योजना राज्यासाठी स्वीकारली गेली, आणि त्याच सुमारास मोठा दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा अधिनियम झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम देण्याची ही हमी अंगमेहनतीच्या अकुशल कामाची होती. २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही तोच शब्द उचलला.

कायद्याच्या भाषेकडे नीट पाहिले तर एक गोष्ट दिसते, आणि ती गीतेच्या श्लोकाशी जुळणारी आहे. तेथेही 'अकुशल' हे कामाचे विशेषण आहे, माणसाचे नाही. आधी शिक्षण घेतल्यावाचून ज्या कामाला हात घालता येतो ते अकुशल काम. यासाठी की, जो येईल त्याला परत पाठविण्याची सबब उरू नये. म्हणजे दार रुंद करण्यासाठी योजलेला हा शब्द होता. हजेरीपत्रकावर चढता चढता तो कामावरून घसरून माणसाच्या नावाला चिकटला, आणि 'अकुशल काम करणारा' याचा 'अकुशल माणूस' झाला. ज्या बाया खडी फोडीत होत्या, त्यांना दगड कोणत्या अंगाने फुटतो हे ठाऊक होते. बांधावर माती टाकणाऱ्या गड्याला ती कोठे दाबली नाही तर पहिल्याच पावसात वाहून जाईल हे कळत होते. ते दाक्ष्यच होय. त्यांचे काम अकुशल होते ते गीतेच्या अर्थाने: ऊन, धूळ, हाताला फोड, आणि तरीही पोटासाठी करणे प्राप्त.

फलटणच्या संदर्भात या शब्दाचा विचार करताना श्रीचक्रपाणी महाराजांचे स्मरण झाल्याखेरीज राहत नाही. पंचकृष्णांपैकी हे अवतार फलटणास कऱ्हाडे ब्राह्मणाच्या घरी अवतरले. माहूरला श्रीदत्तात्रेय प्रभूंपासून शक्तीचा स्वीकार करून ते द्वारावतीस गेले आणि तेथे हाती खराटा व सूप घेऊन रस्ते झाडू लागले. केर सुपात भरावा आणि गोमतीत टाकावा, असा त्यांचा क्रम असे. त्याच खराट्याने आणि सुपाने त्यांनी कृपा केली. बावन्न पुरुषांना विद्यादान केले, आणि श्रीगोविंदप्रभूंना शक्ती दिली तीही याच निमित्ताने. प्रतवारी लावू म्हटले तर रस्ता झाडणे हे अकुशलातही शेवटच्या पायरीचे काम ठरते. येथे एक सावधगिरी हवी. परमेश्वराच्या लीळेला जीवाच्या कर्माच्या मापाने मोजू नये. अवताराला नियत कर्म नाही, म्हणून त्याला त्याग्याचे लक्षण लावणेही बरोबर नाही. तथापि कोणत्या साधनाला हात लावून कृपा करावी हे ज्यांच्या इच्छेवर होते, त्यांनी खराटा निवडला, ही गोष्ट पारायणात 'अकुशल' शब्द ऐकून खाली मान घालणाऱ्या बाईला अवश्य सांगावी.

श्लोकाच्या दुसऱ्या चरणाकडे सहसा दुर्लक्ष होते, आणि साधूंच्या दृष्टीने अवघड भाग तोच आहे. कुशल, म्हणजे आवडते आणि सुखाचे वाटणारे कर्म नियत असले तरी त्यात गुंतू नये. ज्याला निरूपण साधते तो निरूपणावरच बसतो आणि भिक्षेला दुसऱ्याला पाठवितो. ज्याचे अक्षर सुरेख तो पोथीतून डोके वर काढीत नाही आणि आश्रमाचे अंगण मात्र नवीन शिष्याच्या वाट्याला येते. कर्म दोन्हीकडे चांगलेच आहे. चिकटणे मात्र चांगले नाही.

याचे उदाहरण मार्गाच्या आद्य इतिहासात आहे. केशिराजव्यास संस्कृताचे मोठे पंडित. रत्नमाला स्तोत्रात त्यांचे संस्कृत रचनेवरील प्रभुत्व दिसते. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची वचने संस्कृतात बांधावीत असे त्यांच्या मनात होते. श्रीनागदेवाचार्यांनी नको म्हटले. तसे केले तर आपल्या म्हाताऱ्या बाया त्या ज्ञानाला मुकतील, असे कारण त्यांनी दिले. ज्या कामात आपला हात चालतो, ज्यात पंडितांची वाहवा मिळते, ते काम पंडिताला सर्वांत कुशल वाटते. केशिराजव्यासांनी ते सोडले आणि स्वामींची वचने स्वामींच्याच मराठीत, शब्दही इकडचा तिकडे न करता, प्रकरणवार लावून ठेवली. तोच आज मुखोद्गत केला जाणारा सूत्रपाठ.